काचतंतूंतली हवा

गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, अहेरीच्या बाजूला नदी ओलांडायला डोंगा वापरतात. जुना डोंगा म्हणजे एकच खोड कोरून केलेली नाव. त्यात सांधा नाही, म्हणून थर सुटण्याचा प्रश्नही नाही. फायबरग्लासची नाव मात्र थरावर थर चढवून घडवावी लागते आणि प्रत्येक थराबरोबर थोडी हवा आत शिरते. ही हवा बाहेर काढण्याची धडपड हा या पदार्थाच्या इतिहासाचा मोठा भाग आहे.

गंमत अशी, की काचतंतूंचा जन्मच हवेमुळे झाला. १९३२ साली अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या पोकळ विटा एकमेकींना जोडण्याचा प्रयत्न करत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर आला आणि बारीक तंतूंचा फवारा उडाला. १९३६ साली कार्लटन एलिस याने पॉलिएस्टर रेझिनचे पेटंट घेतले. तंतूंनी ताण सोसायचा आणि रेझिनने त्यांना धरून ठेवायचे, अशी ही जोडी जमली. १९४२ साली रे ग्रीन याने या जोडीतून एक छोटी होडी बनवली.

पण हवा राहिली तर काय बिघडते? बुडबुडा असतो तेथे रेझिन नसते, त्यामुळे एका थरावरचा भार दुसऱ्या थराकडे पोहोचत नाही. १९७८ साली जड आणि राइट यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. आतील पोकळी एक टक्क्याने वाढली, की थर एकमेकांवरून घसरण्याला होणारा विरोध सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. पोकळी ४ टक्क्यांपर्यंत पोहोचेतो साधारण हाच हिशेब लागू पडतो, असे त्यांना आढळले. नावेला आणखी एक धोका असतो. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्यावर पाण्याचे रेणू रेझिनमधून हळूहळू झिरपतात, पोकळीत साठतात आणि तेथील रसायने विरघळवतात. मग परासरणाने आणखी पाणी आत ओढले जाते आणि पृष्ठभागावर फोड येतात.

हवा हलकी असते, मग ती आपोआप वर का येत नाही? येते, पण फार सावकाश. दाट द्रवात बुडबुड्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट लहान झाला, तर वेग शंभरपट कमी होतो. इकडे हार्डनर घातलेले रेझिन काही मिनिटांत घट्ट होऊ लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात तर ते आणखी लवकर आळते आणि बारीक बुडबुडे जागच्या जागी अडकतात. म्हणून कारागीर थोडे थोडेच रेझिन कालवतो, ते घुसळत नाही, हळू ढवळतो. साच्यावर आधी रेझिन लावतो, त्यावर मॅट ठेवतो, म्हणजे रेझिन खालून वर चढते व हवेला पुढे ढकलते. मग खाचांचा रोलर मधून कडेकडे फिरवतो. दुधी दिसणारी मॅट पारदर्शक झाली, की हवा गेली असे समजायचे.

हाताची ताकद अपुरी पडते तेथे वातावरणाची मदत घेतात. ओल्या थरांवर प्लॅस्टिकची चादर घालून कडा बंद करायच्या आणि पंपाने आतील हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १० टन इतक्या भाराने थर दाबते. बंद साच्यात निर्वाताच्या जोरावर रेझिन ओढून घेण्याच्या मार्को पद्धतीचे पेटंट १९५० सालचे आहे. हवेनेच हवा काढायची, अशी ही युक्ती!

अशा बांधणीचा कस आपल्याकडे गोव्यात लागला. मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी ५६ फुटांची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. तिचा गाभा लाकडाचा, त्यावर काचतंतू व इपॉक्सीचे थर. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून तिच्यातून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. दक्षिण महासागरातल्या लाटांचे तडाखे बसत असताना थर सुटला, तर तेथे मदतीला कोण येणार?

गाभा लाकडाचा असला, की आणखी एक पथ्य पाळावे लागते. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. सकाळी २५ अंशांवर असलेले लाकूड दुपारी ४० अंशांवर गेले, तर ही हवा सुमारे ५ टक्के फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढत बाहेर पडते. म्हणून इपॉक्सीचा पहिला हात तापमान उतरत असताना, शक्यतो संध्याकाळी द्यावा. तेव्हा आकसणारी हवा इपॉक्सीला उलट छिद्रांत ओढून घेते.

एवढे करूनही बुडबुडा राहिलाच, तर? नाण्याने ठोकून पाहतात. पोकळीवर आवाज बद्द येतो. छोट्या पोकळीला दोन भोके पाडतात. एकातून रेझिन भरायचे, दुसऱ्यातून हवा जाऊ द्यायची. मोठा भाग असेल तर पक्का थर लागेपर्यंत घासून काढतात, कडा उतरत्या करतात, तो स्वच्छ व कोरडा करून नवे थर चढवतात. वरून नुसती लांबी भरली तर दोष झाकला जातो, दूर होत नाही.

वर्गात रेझिन आणू नये. त्याची वाफ आणि हार्डनर दोन्ही अपायकारक आहेत. दोन सारख्या बाटल्यांत पाणी आणि एरंडेल घ्या, थोडी जागा रिकामी ठेवून बुचे घट्ट लावा, जोराने हलवा आणि बुडबुडे वर यायला किती वेळ लागतो ते मुलांना मोजू द्या. मग एरंडेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. कोणते बुडबुडे सर्वांत शेवटी राहतात, हे मुलांनीच सांगावे.