मल्टिक्लास पात्रांचे घरचे नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य भूमिकाखेळात एकाच पात्राने दोन किंवा अधिक क्लास घेतले, की त्या पात्राला मल्टिक्लास म्हणतात. क्लास हा पात्राचा पेशा असतो. फायटर हत्यार चालवतो, विझर्ड पोथीतून मंत्र शिकतो, क्लेरिकला देवतेकडून सामर्थ्य मिळते, वॉरलॉक एखाद्या अमानवी शक्तीशी करार करतो. छापील नियमांत एखादा गट आपल्यापुरता जो फेरफार करतो, तो घरचा नियम. १९७४ च्या मूळ पुस्तिकांनीच खेळणाऱ्यांना नियम आपल्या मनाप्रमाणे बदलून घ्यायची मोकळीक दिली होती, त्यामुळे या खेळात घरच्या नियमांना पहिल्यापासून मान आहे.

मल्टिक्लासबाबत मूळ प्रश्न मोबदल्याचा असतो. दुसरा क्लास घेतल्यावर पात्राला काय मिळावे आणि त्यासाठी त्याने काय सोडावे, याचे उत्तर प्रत्येक आवृत्तीने निराळे दिले आणि प्रत्येक उत्तरात कुठेतरी फट राहिली. घरचे नियम बहुधा त्या फटीवरच बसवलेले असतात. म्हणून कोणता नियम कोणत्या आवृत्तीसाठी जन्मला हे ठाऊक नसेल, तर तो भलत्याच ठिकाणी लावला जातो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथील टीएसआर कंपनीने काढला. आरंभी क्लास तीनच होते : फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. एल्फ पात्र पहिल्या दोन्ही क्लासांत वावरू शके, पण आज लढवय्या की जादूगार हे मोहिमेआधी ठरवावे लागे. मोहीम चालू असताना पालट चालत नसे. ग्रेहॉक या १९७५ च्या पुरवणीत थीफ हा क्लास आला आणि माणसाखेरीज इतर वंशांच्या पात्रांना दोन क्लास एकदम चालवण्याची वाटही रुंदावली.

ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकने दोन वेगळ्या पद्धती पक्क्या केल्या. एल्फ, ड्वार्फ वगैरे पात्रे पहिल्या दिवसापासून दोन-तीन क्लास जोडीने घेत आणि मिळालेले अनुभवगुण सगळ्या क्लासांत सारखे वाटत. माणसाला ही सोय नव्हती. त्याने जुना क्लास कायमचा थांबवून नवा पहिल्या पातळीपासून सुरू करायचा. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात, म्हणजे ताकद, बुद्धी अशा त्या क्लासला लागणाऱ्या अंगभूत गुणात, किमान १५ आणि नव्याच्या मुख्य गुणात किमान १७ हवेत. नवी पातळी जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली, तर अनुभवगुण कापले जात. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनेही हाच सांगाडा ठेवला. नव्वदीच्या अखेरीस संगणकावर आलेल्या बाल्डर्स गेट मालिकेमुळे तो टेबलावर कधीच न बसलेल्यांच्याही परिचयाचा झाला.

वाटणी कागदावर कडक दिसते, पण प्रत्यक्षात सौम्य आहे. दुसऱ्या आवृत्तीत फायटरला दुसऱ्या पातळीसाठी २,०००, तिसऱ्यासाठी ४,००० आणि चौथ्यासाठी ८,००० अनुभवगुण लागतात. जादूगाराला २,५००, ५,००० आणि १०,००० लागतात. समजा, दोन पात्रांनी प्रत्येकी ८,००० गुण कमावले. नुसता फायटर चौथ्या पातळीवर पोहोचतो. एल्फचे गुण चार-चार हजारांत विभागले जातात आणि तो तिसऱ्या पातळीचा फायटर व शिवाय दुसऱ्या पातळीचा जादूगार होतो. आरंभीच्या पातळ्यांत दर वेळी गुण दुप्पट लागत असल्यामुळे अर्धी मिळकत सोडूनही पात्र एकच पायरी मागे राहते. हा फायदा भरून काढण्यासाठी माणूस नसलेल्या पात्रांच्या पातळ्यांना कमाल मर्यादा घातली होती. पण बहुतेक मोहिमा त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाहीत आणि ज्या पोहोचतात तिथे ती जाचक वाटते. म्हणून अनेक गटांनी ती काढून टाकली. काहींनी बदल्यात माणसालाही जोडीने क्लास घेऊ दिले, आणि न्याय त्यातच होता; नुसती मर्यादा उठवली, तर माणूस घेण्याचे एक मोठे कारणच संपते.

विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९७ साली टीएसआर विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आणली. तिच्यात सर्व क्लासांसाठी अनुभवगुणांचा तक्ता एकच झाला. प्रत्येक नवी पातळी हव्या त्या क्लासमध्ये घ्यायची मुभा मिळाली. आजचा खेळाडू मल्टिक्लास म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हीच रचना असते. क्लासांतील अंतर एका पातळीहून वाढले, तर वंशाचा आवडता क्लास वगळून अशा प्रत्येक क्लासमागे २० टक्के अनुभवगुण कापायचे, असा दंडही होता. हिशेब किचकट आणि परिणाम चुकीच्या माणसाला जाचणारा, त्यामुळे हा दंड न लावणे हा त्या काळातला अगदी सर्रास आढळणारा घरचा नियम ठरला. तिसऱ्या आवृत्तीवरूनच बेतलेल्या २००९ च्या पाथफाइंडर या खेळाने तो अधिकृतपणेच सोडला आणि त्याऐवजी आवडत्या क्लासमध्ये टिकणाऱ्याला बक्षीस दिले.

तिसऱ्या आवृत्तीतली खरी फट बेरजेत होती. तीव्र विष किंवा जादू झेलण्याच्या बचावाची चांगली श्रेणी असलेला क्लास पहिल्याच पातळीला +२ देई. फायटर, बार्बेरियन आणि रेंजर यांची एकेक पातळी घेतलेल्या पात्राचा शारीरिक बचाव +६ होई. तीन पातळ्यांच्या नुसत्या फायटरचा मात्र +३ च. उलट बार्ड, क्लेरिक आणि मंक यांची एकेक पातळी घेतली, तर हल्ल्याचा मूळ बोनस शून्य राही, कारण प्रत्येकाचा पाऊण खाली उतरवून शून्य धरला जाई. तीन पातळ्यांच्या नुसत्या क्लेरिकला +२ मिळत असे. २००४ च्या अनअर्थ्ड आर्केना या पुस्तकाने यावर अपूर्णांकांचा पर्याय दिला : पाऊण, पाऊण, पाऊण आधी मिळवायचे आणि पूर्णांक शेवटी एकदाच करायचा. आरंभीचे +२ फक्त एकदाच धरायचे, ही जोड बऱ्याच टेबलांवर दिली जाते. या पद्धतीत कोणाचेही लाड होत नाहीत आणि कोणावर अन्यायही होत नाही. तिसऱ्या आवृत्तीवर आजही खेळणाऱ्यांनी ती डोळे मिटून घ्यावी. त्याच पुस्तकातील गेस्टॉल्ट पद्धतीत पात्र प्रत्येक पातळीला दोन क्लास एकदम घेते आणि दोहोंतील सरस ते ठेवते. दोन किंवा तीनच खेळाडू असलेल्या गटाला ती फार सोयीची पडते.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत दुसऱ्या क्लासची चुणूक फीटच्या, म्हणजे पात्राने निवडायच्या खास कसबाच्या, रूपाने विकत घ्यावी लागे; खरे मिश्र पात्र २०१० च्या तिसऱ्या प्लेयर्स हँडबुकमधील हायब्रिड नियमांनी आले. घरच्या नियमांना तिथे फारसा वाव नव्हता.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मल्टिक्लास हा ऐच्छिक नियम होता, म्हणजे तो लागू करायचा की नाही हे डंजन मास्टरने, अर्थात डीएमने, ठरवायचे. हे अनेक खेळाडूंना ठाऊक नसते. सध्याच्या आणि नव्या अशा दोन्ही क्लासांच्या मुख्य गुणांत किमान १३ लागतात. प्रावीण्याचा बोनस एकूण पातळीवर चालतो, मंत्रांचे स्लॉट, म्हणजे विश्रांतीपर्यंत किती मंत्र म्हणता येतील याचा साठा, एका सामाईक तक्त्यावर मोजले जातात, पण क्लासची बाकी मिळकत त्या-त्या क्लासच्या पातळीवरच मिळते. गुण वाढवण्याची किंवा फीट घेण्याची संधी बहुतेक क्लासांना ४, ८, १२, १६ आणि १९ या पातळ्यांवर येते आणि तीही क्लासच्याच हिशेबाने.

याचा परिणाम सहाव्या पातळीवर स्पष्ट दिसतो. नुसत्या फायटरला तोवर दोनदा गुण वाढवता आलेले असतात आणि तो एका वेळी दोन वार करतो. नुसता विझर्ड फायरबॉल फेकतो. फायटर ३ आणि विझर्ड ३ असे पात्र मात्र एकच वार करते, दुसऱ्या पातळीच्या मंत्रांवर अडकते आणि गुण त्याने एकदाही वाढवलेले नसतात. आता पॅलाडिन ६ आणि वॉरलॉक १ असे सातव्या पातळीचे पात्र घ्या. झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग या २०१७ च्या पुस्तकातील हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा सबक्लास, म्हणजे उपप्रकार, घेतला, तर त्या एका पातळीत तलवार करिष्म्यावर चालू लागते, शील्ड हा मंत्र मिळतो आणि तासाभराच्या विश्रांतीत परत येणारा एक स्लॉटही मिळतो. दुसरा वार हातात असतोच. दुसरा क्लास असा एखाद्या पातळीपुरताच चाखण्याला खेळाडू डिप म्हणतात.

म्हणजे पाचव्या आवृत्तीत मनापासून अर्धा-अर्धा पेशा करणाऱ्याला फार मोजावे लागते आणि चतकोर तुकडा उचलणाऱ्याला जवळपास काहीच नाही. बहुतेक घरच्या नियमांचे मोजमाप याच कसोटीवर करावे. गुणवाढ एकूण पातळीवर द्यावी, हा लोकप्रिय नियम अर्ध्या-अर्ध्या पात्राला तारतो, पण डिप करणाऱ्याचा उरलासुरला तोटाही पुसून टाकतो. फायटरला सहाव्या आणि चौदाव्या पातळीवर जादा संधी असते, तिचे काय करायचे हेही आधीच ठरवावे लागते. या नियमाला दुसऱ्या क्लासच्या किमान तीन पातळ्या घेण्याची अट जोडली, तर तो चोख काम करतो. लढाऊ क्लासांच्या पातळ्यांची बेरीज पाच झाली की दुसरा वार द्यावा, हाही त्याच जातीचा चांगला नियम आहे. फायटर ३ आणि बार्बेरियन २ या पात्राला त्याचा आधार मिळतो आणि कोणाचे बिघडत नाही.

तेराची अट काढून टाकणे हा घरचा नियम अलीकडे वाढला आहे, आणि त्यामागे लॅरियन स्टुडिओजच्या २०२३ मधील बाल्डर्स गेट ३ या संगणकखेळाचा मोठा हात आहे. त्या खेळात ही अट नाही. तिथे विझर्डची एकच पातळी घेतलेला क्लेरिकही, स्लॉट असला की, वरच्या पातळीचे विझर्डी मंत्र गुंडाळीवरून पोथीत उतरवू शकतो. टेबलावरच्या नियमांत हे चालत नाही. कोणते मंत्र शिकता येतील हे त्या एका क्लासच्या पातळीवरूनच ठरते. रेंजर ४ आणि विझर्ड ३ या पात्राला तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट मिळतात, पण तिसऱ्या पातळीचा मंत्र येत नाही. खालचे मंत्र जोर लावून म्हणण्यापुरताच त्यांचा उपयोग. संगणकावरून टेबलाकडे आलेल्या खेळाडूला हे पहिल्या दिवशीच सांगावे. तेराची अट काढायला हरकत नाही, कारण कमी गुणांचे पात्र स्वतःच दुबळे राहते. मंत्रांची अट मात्र कधीही काढू नये.

वॉरलॉक आणि सॉर्सररची जोडी हा एक अपवादात्मक प्रकार आहे. वॉरलॉकचे स्लॉट छोट्या विश्रांतीत परततात, सॉर्सरर हा जादूगार क्लास स्लॉट मोडून जादूचे पॉइंट करतो आणि पॉइंटांचे पुन्हा स्लॉट करतो. असे केलेले स्लॉट मोठ्या विश्रांतीनंतरच नाहीसे होतात. म्हणून झोपायचेच नाही आणि स्लॉटांचा ढीग रचत राहायचा, अशी युक्ती निघाली. तिला कॉफीलॉक हे नाव पडले. न झोपणाऱ्याला थकवा येण्याचा ऐच्छिक नियम झॅनाथार्स गाइडमध्ये आहे. त्याहून सुटसुटीत घरचा नियम असा की, तक्त्यातील संख्येपेक्षा जास्त स्लॉट कधीही जवळ ठेवता येणार नाहीत. एका वाक्यात काम भागते.

आकड्यांपलीकडचे नियम कथेसाठी असतात. काही डीएम नव्या क्लाससाठी गुरू, ग्रंथ किंवा देवता आधी खेळात भेटलीच पाहिजे असा आग्रह धरतात. वॉरलॉकच्या बाबतीत हा आग्रह रास्त आहे, कारण करार कोणाशी झाला हे कळल्याशिवाय तो क्लास पोकळ वाटतो. फायटरची एक पातळी घेणाऱ्याकडून मात्र शिक्षणाचे महिने मागू नयेत. जो महिनोन्‌महिने राक्षसांशी लढतो आहे, तो तलवार शिकतोच आहे. मल्टिक्लास सरसकट बंद करणारे गटही आहेत. खेळाडू नवखे असतील, तर हा निर्णय योग्य. अनुभवी गटात तो बहुधा डीएमच्या धास्तीतून येतो.

२०२४ च्या प्लेयर्स हँडबुकने काही फटी स्वतःच बुजवल्या. सर्व सबक्लास तिसऱ्या पातळीवर गेले, त्यामुळे एका पातळीत सबक्लासचे बळ उचलण्याची वाट बंद झाली. पॅलाडिन आणि रेंजरच्या अर्ध्या पातळ्या आता स्लॉटांच्या हिशेबात वरच्या पूर्णांकात धरल्या जातात. गुणवाढ मात्र अजून क्लासच्या पातळीलाच बांधलेली आहे, त्यामुळे तिच्याविषयीचा घरचा नियम या आवृत्तीतही लागतो.

नियम कोणताही निवडा, तो पात्रे बांधण्याआधी लिहून सर्वांना द्यावा आणि मोहिमेच्या मध्यावर बदलावा लागलाच, तर ज्याचे पात्र त्यामुळे अडते त्याला ते नव्याने बांधू द्यावे. ॲडव्हेंचरर्स लीग या संघटित खेळात मल्टिक्लास चालतो, घरचे नियम चालत नाहीत. तिथे जायचे असेल, तर पात्र छापील नियमांप्रमाणेच बांधावे लागते.