करवणारे आणि घडवणारे



पंचकल्याणकाची पत्रिका घरी आली की आपण आधी नावं वाचतो. सौधर्म इंद्र कोण, शची इंद्राणी कोण, भगवंतांचे माता-पिता होण्याचा मान कुणाला, कुबेर कोण. मग प्रतिष्ठाचार्य, ध्वजारोहण करणारे, भोजनदाते. वस्तूंनाही किती शब्द आहेत आपल्याकडे! पांडुकशिला, अष्टद्रव्य, मंगलकलश, चामर, छत्र, भामंडल. एवढ्या सगळ्यात मूर्ती कुणी घडवली, ते मात्र क्वचितच छापलेलं असतं.

ही सवय फार जुनी. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या शेवटची, भोवतीचं सुत्तालय बाराव्या शतकातलं. मूर्तीसाठी चावुंडराजाचं नाव आहे, सुत्तालयासाठी गंगराजाचं, आणि दोन्हीकडे क्रियापद एकच, 'करवियलें'. 'केलें' नाही. शब्द प्रामाणिक आहे, कारण करवलं म्हणजे करणारा दुसराच कुणी होता. छिन्नी धरणारे हात त्या एका 'व'मध्ये आहेत, पण बिननावाचे.

पुढे विक्रम संवत 1548 मध्ये जीवराज पापडीवाल यांनी मुडासा नगरीत भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते असंख्य मूर्तींची प्रतिष्ठा करवली. त्या लहान पांढऱ्या मूर्ती महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या मंदिरांत आहेत. तुमच्याही वेदीवर असेल, पादपीठ नीट बघा. संवत, तिथी, भट्टारक, श्रावक एवढं वाचता येतं. शिल्पीचं नाव मला तरी कुठे दिसलं नाही.

पेणजवळच्या हमरापुरात गेलात तर शब्दांचं सगळं वजन दुसऱ्या बाजूला दिसेल. तिथे घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. शाडू, साचा, रंगकाम, आखणी हे सारे शब्द करणाऱ्यांचे. त्यात बायकांचे हातही भरपूर. यजमान, गुरुजी, चौरंग, मखर हे शब्द मूर्ती गाव सोडून गेल्यावर येतात. सर्वांत अवघड काम डोळ्यांच्या आखणीचं. सरावलेला हात लागतो, म्हणून ते सगळ्यांना देत नाहीत.

डोळ्यांचा मान आपल्याकडेही मोठा. आपण नेत्रोन्मीलन म्हणतो, श्वेतांबर बहिणी अंजनशलाका म्हणतात. पण आपल्याकडे डोळा कोरतो एक आणि विधीने उघडतो दुसरा, आणि दोन्ही शब्द उघडण्याच्या विधीचे. कोरणाऱ्याच्या कामाला असा वेगळा शब्दच नाही. (विधीचं महत्त्व मी कमी करत नाहीये, गैरसमज नको.)

आमच्या मंदिराच्या पत्रिकेचा मसुदा सध्या माझ्याकडे तपासायला आला आहे. प्रतिष्ठाचार्यांच्या खाली मी 'शिल्पकार' अशी एक ओळ घातली. समितीतले काका म्हणाले, "अहो ताई, नाव कुणाला ठाऊक?" मूर्ती जयपूरहून येतेय. म्हटलं, फोन करून विचारा.