यिनचेनहाओ काढा

यिनचेनहाओ काढा : काविळीवर चीनमध्ये सु. १,८०० वर्षे वापरात असलेले वनस्पतिज औषध. जपानमध्ये ते ‘इनचिनकोतो’ या नावाने प्रचलित आहे. हान राजवटीच्या अखेरीस जांग जोंगजिंग या वैद्याने रचलेल्या ग्रंथात त्याची कृती आली आहे. युद्धांच्या धामधुमीत हा ग्रंथ विस्कळित झाला. तिसऱ्या शतकात वांग शूहे याने त्याची पुन्हा जुळवाजुळव केली आणि सुंग राजवटीत १०६५ मध्ये त्याचा भाग असलेला शांग हान लुन हा ग्रंथ शासनाने संशोधून प्रसिद्ध केला.

काढ्यात तीनच द्रव्ये आहेत : दवण्याच्या प्रजातीतील यिनचेन ही वनस्पती, अनंताची फळे (महाराष्ट्रातील बागांत सुगंधी फुलांसाठी लावतात तोच हा अनंत) व रेवाचिनीचे मूळ. यिनचेन आधी निम्मे पाणी आटेपर्यंत उकळून मग उरलेली दोन द्रव्ये घालावयाची असतात. अंगावर नारिंगी पिवळेपणा, थोडी लघवी व पोट भरल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. शरीरात कोंडलेली उष्णता व ओलावा लघवीवाटे निघून जातो, ही त्यामागील उपपत्ती. पित्तवाहिन्यांची क्रिया त्या वैद्यांना अज्ञात होती. तथापि लघवीचे प्रमाण व रंग यांवरून गुण आला की नाही हे पाहण्याचा त्यांचा प्रघात निरीक्षणावर आधारलेला होता, यात शंका नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी संशोधकांनी या औषधाचे कार्य तपासले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. अनंताच्या फळातील जेनिपोसाइड हे संयुग जसेच्या तसे फारसे परिणामकारक नाही. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतू त्याला जोडलेला ग्लुकोजाचा रेणू एंझाइमाच्या साहाय्याने तोडतात व जेनिपिन तयार होते. ते यकृतात पोहोचल्यावर पित्ताचा स्राव वाढतो. रेवाचिनीतील सेनोसाइडांचेही तसेच आहे : जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांत त्यांचा रेचक परिणाम दिसत नाही. म्हणजे औषधाचा कार्यकारी अंश भांड्यात नव्हे, तर रुग्णाच्या आतड्यात सिद्ध होतो आणि तेथील जंतूंचे प्रकार व प्रमाण माणसागणिक भिन्न असल्यामुळे एकच मात्रा सर्वांना सारखी लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. जन्मतः पित्तवाहिन्या बंद असलेल्या अर्भकांवरील शस्त्रक्रियेनंतर जपानमध्ये हा काढा दिला जातो, त्या ठिकाणी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

उपकारक जेनिपिनच अपायकारकही ठरू शकते. उंदरांना जेनिपोसाइडाची मोठी मात्रा दिल्यास यकृताला इजा होते व ती जेनिपिनामुळे होते, असे दिसून आले आहे. जेनिपिन ॲमिनो अम्लांशी संयोग पावून निळे रंगद्रव्य बनविते. अन्नपदार्थ रंगविण्यासाठी त्याचा उपयोग करतात. अनंताची फळे असलेली औषधे दीर्घकाळ, पुष्कळदा ५ वर्षांहून अधिक, घेणाऱ्या काही रुग्णांत मोठ्या आतड्याचे अस्तर निळसर झालेले व तेथील नीला कठीण झालेल्या आढळल्या. जपानमध्ये अशा औषधांच्या माहितीपत्रकात त्याबद्दल इशारा दिलेला असतो.