उतरती भाजणी

कुलदैवत आपण निवडत नाही, ते मिळते. मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉलचा संघ मला तसाच मिळाला. फक्त नवसाला पावणे त्याने २०१३ सालापासून जवळजवळ बंद केले आहे.

त्या वर्षी ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले. जाताना ८९ गुण आणि विजेतेपद ठेवून गेले. पुढच्याच मोसमात ६४ गुण आणि सातवा नंबर! मी ग्राफपेपर आणला. आमच्या सौ.ना हा आलेख म्हणजे इस्पितळातल्या खाटेला टांगलेला तापाचा तक्ता वाटतो. चहा देताना त्या "आज पेशंट कसा आहे?" म्हणून विचारतात.

हे वेड जुनेच आहे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेघा छापल्या. तोवर व्यापाराचे आकडे रकान्यांत गुण्यागोविंदाने नांदत होते. रेघ ओढली की ते चुगल्या करू लागतात.

आता घसरण मोजायची कशाने? वर्तमानपत्रांना नंबर आवडतो. पण नंबर म्हणजे शाळेतला नंबर. शेजारचा बाळ्या गटांगळ्या खाऊ लागला की आपला बंड्या आपोआप वर सरकतो. युनायटेडला २०१५-१६, २०१८-१९ आणि २०१९-२० या तिन्ही मोसमांत मोजून ६६ गुण मिळाले. नंबर आले पाचवा, सहावा आणि तिसरा. तिसऱ्या नंबरावर पेढे वाटायला निघालेले भक्त मी पाहिले आहेत. अहो, दूध तेवढेच, भांडे तेवढे बदललेले!

म्हणून मी गुणांची रेघ धरली. ती करवतीसारखी दिसते. २०१७-१८ला मोरिन्यो ८१वर, २०२०-२१ला सोल्शायर ७४वर, २०२२-२३ला टेन हाग ७५वर. आणि प्रत्येकाच्या पुढच्याच मोसमात धाडदिशी खाली: ६६, ५८, ६०. मॅनेजर बदलला की भक्तांचे नव्याचे नऊ दिवस सुरू होतात, कारण माणसाची नजर शिखरावर जाते. मी शिखरे सोडून दऱ्याच जोडल्या. ६६, ५८ आणि मग २०२४-२५चे ४२, नंबर पंधरावा. ही खरी उतरती भाजणी!

शेजारी मग १९७४चा कागद चिकटवला. मॅट बस्बींनी १९६८ साली युरोपियन कप आणला, ६९ला ते पायउतार झाले आणि १९७४ला संघ पहिल्या विभागातून खाली गेला. १९७३-७४चे गुण ३२. पण तेव्हा इंग्लंडात विजयाला दोनच गुण असत, तीन झाले १९८१पासून. तेव्हा आण्यांचे नवे पैसे करावेत तसे करून पाहिले: दहा विजयांचे तीस, बारा बरोबऱ्यांचे बारा. बेचाळीस! पेन्सिल हातातून गळायची बाकी राहिली. गोल पाहिले तर तेव्हा केले ३८, खाल्ले ४८. आता केले ४४, खाल्ले ५४. दोन्हीकडे उणे दहा. तेव्हाचे सामने ४२ होते आणि आताचे ३८, एवढाच काय तो दिलासा.

त्या ७४च्या एप्रिलात डेनिस लॉने मँचेस्टर सिटीकडून आपल्याच जुन्या संघाला टाचेने गोल मारला. त्या गोलाने युनायटेड बुडाले, असे लोक अजून सांगतात. खरे म्हणजे त्याच दिवशी बर्मिंगहॅम जिंकले होते. लॉने टाच आवरली असती तरी बुडणे ठरलेले होते. पण दंतकथेला गुणतक्ता कोण दाखवणार? लॉ २०२५च्या जानेवारीत गेले, नेमके बेचाळीस गुणांच्या मोसमात.

तो ७४चा संघ बुडाला आणि वर्षभरात दुसऱ्या विभागाचा विजेता होऊन वर आला. २०२५चा बुडालाच नाही, कारण खालचे तिघे इतके दरिद्री की त्यांतल्या श्रीमंताकडे २५ गुण होते. मला विचाराल तर बुडणे परवडले. ताप १०४वर गेला की डॉक्टर धावत येतो. ९९वर रेंगाळला की काढे आणि सल्ले.

आणि चढायचे म्हटले तरी घाई नसते. १९६७नंतरचे लीगचे विजेतेपद १९९३ला मिळाले, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी. त्या हिशेबाने आता २०३९. कागदाच्या उजव्या अंगाला तेवढी जागा सोडून ठेवली आहे.