वसईच्या घंटांच्या मागावर

लहानपणी आमच्या घरात पाहुण्यांसमोर कोणी पोर अखंड बडबडू लागले, की आजी म्हणायची, "पुरे झाली ही नारोशंकराची घंटा!" नारोशंकर कोण, त्याची घंटा कुठे टांगलेली आहे, हे आजीलाही ठाऊक नव्हते. मराठीतल्या असंख्य म्हणींप्रमाणे ही म्हणही तिने सासरी येताना आपल्याबरोबर आणली होती. ज्या घंटेचे नाव घेऊन ती आम्हांला गप्प बसवीत असे, ती घंटा मुळात आमच्याच वसईची, हे कळायला मला वयाची चाळीस वर्षे ओलांडावी लागली.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील सहा कुटुंबे सुट्टीच्या सहलीचा बेत आखीत बसली होती. मे महिना म्हणजे मुलांना सुट्टी, वाडीतल्या विहिरींना पाणी कमी आणि घरात उकाडा असह्य. कोणी महाबळेश्वर म्हणे, कोणी नाशिकरोडच्या बाळ येशूचे दर्शन घेऊन पुढे जाऊ म्हणे. तेव्हा मी सुचविले, की वाट तीच धरू, पण या वेळी १७३९ साली वसईहून गेलेल्या घंटा पाहत जाऊ. प्रस्तुत लेख त्या तीन दिवसांच्या प्रवासाचा आणि त्यामागील इतिहासाचा आहे.

इतिहास थोडक्यात असा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे पाच वर्षे हे शहर त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे होते. तटाच्या आत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा संघांची देवळे आणि मठ उभे राहिले. चर्चला 'देऊळ' म्हणण्याची आपली वसईची रीत सर्वांना परिचित आहेच. प्रत्येक देवळाच्या मनोऱ्यात घंटा होती. पहाटे, दुपारी आणि तिन्हीसांजेला आंजेलसच्या प्रार्थनेसाठी ती वाजे. लग्न, मरण, सण आणि संकट या साऱ्यांची वार्ता तीच देत असे.

मराठ्यांची उत्तर कोकणातील मोहीम १७३७ साली ठाणे जिंकून सुरू झाली. चिमाजी अप्पांनी वसईला घातलेला वेढा १७३९ च्या मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आला असताना, संपला. सुरुंगांनी तटाला खिंडारे पडली, दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने मारली गेली आणि अखेर पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी स्वीकारल्या. शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. वसई, ठाणे आणि साष्टी भागांतील देवळांच्या अनेक घंटा मात्र विजयाची खूण म्हणून घाटावर नेण्यात आल्या आणि मराठी मुलखातील देवस्थानांना अर्पण झाल्या.

आमचा पहिला मुक्काम वज्रेश्वरीचा. तानसा नदीकाठच्या या परिसरात अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत, त्यामुळे वसईकरांना हे ठिकाण नवे नाही. पण बावन्न पायऱ्यांवरचे देवीचे देऊळ आणि वसईचा तट यांचा संबंध आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हता. वसई हाती आली तर तुझे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी देवीला केला होता, अशी परंपरा आहे. विजयानंतर सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या देखरेखीखाली हे देऊळ उभे राहिले. ज्या लढाईने आमच्या पूर्वजांची देवळे मुकी केली, त्याच लढाईने हे देऊळ उभे केले, हा विचार त्या पायऱ्या उतरताना मनातून जात नव्हता.

भिवंडी मागे टाकून कसारा घाट चढलो, इगतपुरीला चहा घेतला आणि दुपारपर्यंत नाशिक गाठले. पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. नारोशंकर राजेबहाद्दर या मराठा सरदाराने ते १७४७ साली बांधले. देवळाच्या दर्शनी भागात, नदीकडे तोंड करून, ती प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. तिचा आवाज पूर्वी कोसभर सहज ऐकू जाई, असे सांगतात. आवाजाच्या या थोरवीमुळेच बडबड्या माणसाला तिचे नाव चिकटले. मी मुलांना आजीची म्हण सांगितली, तेव्हा सारी मुले आमच्या चमूतील सर्वांत वाचाळ अशा नऊ वर्षांच्या मुलाकडे पाहून हसू लागली. तो मात्र हसला नाही. त्याने विचारले, "काका, ही घंटा आपली ना? मग आपण ती परत का नाही मागत?"

मोठ्यांपैकी कोणीच लगेच बोलले नाही. प्रश्न पोराचा होता, पण तो आमच्याही मनात कुठेतरी होताच.

दुसऱ्या दिवशी संगमनेर, नारायणगाव करीत मंचरला वळलो आणि भीमाशंकर गाठले. तेथेही शनीच्या देवळासमोर तशीच एक घंटा आहे. तिच्यावरही १७२१ साल आणि क्रूस स्पष्ट दिसतो. वाटेत मी मुलांना घंटा कशी ओततात हे सांगितले. सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असा तो मिश्र धातू. आधी मातीचा गाभा करतात, त्यावर घंटेच्या आकाराचा थर देऊन नक्षी आणि अक्षरे मेणाची लावतात आणि त्यावरून बाहेरचा साचा बसवितात. अक्षरांचा ठसा साच्यात उमटतो आणि ओतीव धातूत ती उठावाने येतात. म्हणून घंटेवरील साल आणि क्रूस ही मागाहून केलेली सजावट नसते, तर तो घंटेच्या अंगाचाच भाग असतो. ज्यांनी या घंटा देवळांत टांगल्या, त्यांनी ते क्रूस कानशीने घासून टाकले नाहीत, ही गोष्ट आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी प्रथम लक्षात आणून दिली. "जिंकलेल्याची खूण म्हणून ठेवला असेल," असे कोणी म्हणाले. "असेल. पण ठेवला," एवढेच ते बोलले.

घंटेचा धातू आणि तोफेचा धातू जवळजवळ एकच. त्यामुळे युद्ध आले की घंटांवर पहिली संक्रांत येते. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने युरोपातील सुमारे १,७५,००० घंटा मनोऱ्यांतून उतरविल्या आणि त्यांपैकी सुमारे १,५०,००० नष्ट झाल्या. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीही वेळोवेळी आपल्याच देवळांच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या आहेत. वसईच्या या घंटांची तोफ झाली नाही. ज्या कामासाठी त्या ओतल्या गेल्या होत्या, म्हणजे माणसाला देवासमोर बोलावण्यासाठी, त्याच कामाला त्या पुन्हा लागल्या.

तिसऱ्या दिवशी वाईला पोहोचलो. ढोल्या गणपतीचा घाट पाहून पुढे कृष्णेकाठी मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा घाट चित्रपटांमुळे बहुतेकांना ठाऊक असतो. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका लहानशा दगडी घुमटीत घंटा आहे. साल १७०७. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची उठावाची आकृती आहे.

आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. वाटभर त्यांनी इतिहासात फारसे मन घातले नव्हते. गुडघे दुखतात म्हणून वज्रेश्वरीला पायऱ्याही चढल्या नव्हत्या. मेणवलीला मात्र नातवाचा हात धरून त्या घाट उतरल्या. दुपारचे बारा वाजत आले होते. मरियेची आकृती दिसताच त्यांनी पदर डोक्यावर घेतला, क्रुसाची खूण केली आणि उभ्याउभ्याच आंजेलसची प्रार्थना हळू आवाजात म्हटली. घाटावर धुणे धुणाऱ्या दोन बायका हात थांबवून पाहत राहिल्या. प्रार्थना संपल्यावर त्यांतील एकीने विचारले, "तुमचा देव आहे का आजी हिच्यावर?" मावशी म्हणाल्या, "देवाची आई आहे, बाई." त्या बाईने ओले हात पदराला पुसून घंटेला नमस्कार केला आणि पुन्हा धुण्याला बसली.

नाशिकला पोराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी परतीच्या वाटेवर केला. १७२१ ची घंटा वसईत वाजली असेल तर फार तर अठरा वर्षे, मेणवलीची बत्तीस. देवस्थानांच्या दारी त्या पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ आहेत. त्या गेल्या तेव्हा आमच्या पूर्वजांना दुःख झाले नसेल, असे मी म्हणणार नाही. ज्या घंटेने आपल्या आईवडिलांच्या मृत्यूची वार्ता गावाला दिली, ती गाडीवर चढताना पाहणे सोपे नसते. पण त्याच गावांत, त्याआधी, पोर्तुगीज अमलाखाली हिंदूंची देवळे पाडली गेली होती. निर्मळच्या देवळाची कथा वसईकराला सांगायला नको. ते दुःखही आमच्याच मातीतले, कदाचित आमच्याच पूर्वजांच्या पूर्वजांचे. एक हिशेब मांडायचा तर दुसराही मांडावा लागतो आणि दोन्ही मांडून झाल्यावर हाती घंटा येत नाही, फक्त वही उरते.

आणि आणखी एक. १७३९ नंतर बहुतेक युरोपीय धर्मगुरू निघून गेले. तटातील मोठी देवळे ओस पडली, छपरे कोसळली, भिंतींत वड उगवले. पण वाड्यांतील आणि गावांतील श्रद्धा देशी धर्मगुरूंनी आणि साध्या शेतकरी, कोळी कुटुंबांनी जपली. राज्य गेले, घंटा गेल्या, आणि तरीही रोजची प्रार्थना थांबली नाही. ती घंटेवर अवलंबून असती तर आज आपण नसतो. मुलाला मी एवढेच सांगितले, की ती आपली आहे आणि त्यांचीही आहे. म्हणून मागायची नाही, भेटायला यायचे.

त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. तो बराच वेळ गप्प होता, हे मात्र खरे.

तिन्हीसांजेला गाड्या गावात शिरल्या तेव्हा आमच्या देवळाची घंटा वाजत होती. तीन, तीन, तीन आणि मग सलग नऊ. ठोके मोजून झाल्यावर त्या नारोशंकराच्या घंटेने पुन्हा तोंड उघडले, "काका, हिच्यावर कुठलं साल आहे?"

गाडीतील सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तीन दिवस शेकडो किलोमीटर फिरून आम्ही दुसऱ्यांच्या दारच्या घंटांवरील साले वाचली होती. जिच्या आवाजावर आमचा बाप्तिस्मा झाला, लग्ने लागली, माणसे मातीआड गेली, तिच्यावर काय लिहिले आहे, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांची परवानगी घेऊन त्या मुलाला पुढे घातले आणि आम्ही मनोऱ्याच्या पायऱ्या चढू लागलो.