खाणीतून आलेलं कार्ड

परवा नातू म्हणाला, "आबा, जुनं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळतंय. पण खाणीतलं आहे." मी जन्मभर इतिहास शिकवलेला. खाण म्हटलं की मला २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात सापडलेलं सोनं आठवतं!

ही खाण निराळी. ३० जुलै २०१५ ला इथेरियम हे आभासी चलनाचं जाळं सुरू झालं. त्यातली कोडी सोडवणाऱ्याला नवी नाणी मिळत, आणि ग्राफिक्स कार्डं ती झपाट्यानं सोडवत. २०२१ मध्ये तर गेम खेळणाऱ्या पोरांना कार्डं मिळेनाशी झाली. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ती पद्धतच सोडली. खाण एका दिवसात मिटली आणि अवजारं बाजारात आली. पाठ्यपुस्तकात सोनं सापडल्याची तारीख असते, कुदळींचं पुढं काय झालं ते नसतं.

ही कार्डं रात्रंदिवस राबलेली. चिप सहसा टिकते, पण पंखे झिजतात, आतली पेस्ट वाळते, मेमरी तापून तापून थकते. गेल्या वर्षी एकानं हे लपवून आम्हाला कार्ड विकलं होतं. दोन महिन्यांत बंद पडलं आणि पोराचे साठवलेले पैसे गेले.

"या वेळी विकणाऱ्यानं स्वतःहून सांगितलं?"

"हो आबा."

"मग घे. पण त्याच्यासमोर तासभर चालवून, तापमान बघून."

निम्मे पैसे मी पेन्शनमधून दिले. असो. राबून निवृत्त झालेल्याला नुसतं 'वापरलेलं' म्हणून नाकारणं मला तरी कसं जमावं?