आढ्याचं पाणी वळचणीला

‘सत्तेच्या वळचणीला’ हे शब्द वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी वाचायला मिळतात. खरी वळचण पाहिलेली माणसं मात्र शहरात कमी होत चालली आहेत. छपराचा जो भाग भिंतीच्या बाहेर येऊन खाली झुकतो, ती वळचण. तिच्या काठावरून गळणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या. पावसात अडकलेला वाटसरू, भिजलेली शेळी, चिमण्या, सरपणाची मोळी, सगळे तिथेच आसरा घेतात. राजकारण्यांनी हा शब्द उचलला तो त्यामुळेच.

पण वळचण पाहुण्यांसाठी बांधलेली नव्हती. ती भिंतीसाठी होती. कोकणातली जुनी घरं मातीची किंवा जांभ्या दगडाची. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. मातीच्या भिंतीला झड लागत राहिली तर ती पायथ्याशी भुसभुशीत होते. म्हणून छप्पर उतरतं करायचं आणि त्याचा काठ भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे काढायचा. इतका खाली, की उंच माणसाला पडवीत शिरताना मान वाकवावी लागे. पश्चिमेच्या बाजूला तेवढ्यानंही भागत नसे; मग पावसाळ्यापुरते नारळाच्या झावळ्यांचे झाप वळचणीपासून खाली सोडून बांधत.

घाट चढून देशावर गेलं की हे चित्र बदलतं. सोलापूरकडे कोकणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पाऊस नाही. तिथे धाब्याची घरं, म्हणजे माळवदं: सपाट छप्पर, वर पांढऱ्या मातीचा थर आणि पाणी बाहेर टाकायला भिंतीतून काढलेल्या पन्हळी. वळचण अशी नाहीच. छपराच्या काठावरून त्या मुलखाचा पाऊस ओळखता येतो, असं म्हटलं तर ते फारसं चुकीचं ठरणार नाही.

दगडात बांधणाऱ्यांनाही काठाचं महत्त्व ठाऊक होतं. देवळाच्या मंडपावर पुढे झुकलेली, कड खाली वळवलेली जी दगडी पट्टी दिसते, तिला शिल्पशास्त्रात कपोत म्हणतात. कपोत म्हणजे कबूतर, आणि कबुतरांनी ते नाव अजून सार्थ ठेवलं आहे! कड खाली वळवण्यामागे एक साधं कारण आहे. पाण्याला पृष्ठभागाला चिकटून राहायची खोड असते. काठ सपाट असेल तर थेंब खाली न पडता काठाच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे सरकतो. कड वळलेली असली की तो तिथेच तुटून पडतो. जुन्या रेल्वे स्टेशनांच्या छपराला करवतीच्या दातांसारखी लाकडी झालर असते, ती शोभेची वाटते खरी. पण तिचं प्रत्येक टोक असाच एकेक थेंब सोडवत असतं.

हे पाणी पडतं कुठे, यावरून भांडणं आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला रुद्रपट्टण शामशास्त्रींच्या हाती १९०५ साली आली आणि १९०९ साली तो ग्रंथ छापून निघाला. त्यात शेजारशेजारच्या दोन घरांच्या छपरांबद्दल नियम आहे: त्यांच्यात चार अंगुळं अंतर असावं, नाहीतर एकाचं छप्पर दुसऱ्यावर यावं. चार अंगुळं म्हणजे जेमतेम तीन इंच. इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही पागोळ्या आहेत. शेजाऱ्याच्या जमिनीवर पागोळ्या पाडण्याचा हक्क असला, तरी वळचण आणखी पुढे काढून त्याच्यावरचा भार वाढवता येत नाही, असं त्यात उदाहरण देऊन सांगितलं आहे. मुंबई इलाख्याला तो कायदा १८९१ मध्ये लागू झाला. त्यानंतर पागोळ्यांवरून किती भावकी कोर्टात गेली असेल, याची कल्पना कोकणी माणसाला सांगायला नको.

या काठाची देखभाल दरवर्षी करावी लागे. कुंभाराच्या हातची नळीची कौलं नुसती एकमेकांवर टेकलेली असत. मांजर धावलं, माकडं आली, की सरकली. म्हणून मृग लागायच्या आत घर शाकारायचं, हा नेम. फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, आणि वाशांची बाहेर आलेली टोकं नीट पाहायची, कारण कुजायला आणि वाळवी लागायला सुरुवात तिथूनच होते. त्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडत. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. प्रत्यक्षात आधी वाशांची टोकं फिरतात आणि घर मागाहून.

मग मंगलोरी कौलं आली. बासल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला जेप्पू इथे कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या कौलांची कल्पना फ्रान्समधली, गिलार्दोनी बंधूंची, १८४१ सालची. दोन-अडीच किलोचं हे कौल कडेच्या खाचांनी शेजारच्या कौलात अडकतं आणि पोटाखालच्या नाकानं रिपेवर बसतं. माकडांचा उपद्रव थांबला नाही, पण दरसालची शाकारणी हलकी झाली. काठाची ओळ मात्र तेव्हाही वेगळीच हाताळावी लागे. तिच्याखाली टेकायला दुसरं कौल नसतं, म्हणून शेवटची रीप इतरांपेक्षा जाड घालतात. नाहीतर ती ओळ पुढे झुकते. वादळवाऱ्याच्या गावी ती तारेनं रिपेला बांधतात, कारण वारा छपराला उचलतो तो काठापासून.

सिमेंटचा स्लॅब आला तेव्हा हा सगळा व्याप संपला असं वाटलं. वळचण गेली आणि खिडकीवरचा छज्जा तेवढा उरला. त्याच्याही पोटाला काठालगत एक बारीक खाच ठेवायची असते, थेंब तुटावा म्हणून. गिलावा करताना ती बुजली की पाणी मागे येतं, भिंतीवर काळे ओघळ उतरतात आणि घरमालक रंगाच्या कंपनीला दोष देतो. आता कोकणात गळक्या स्लॅबवर पुन्हा उतरते पत्रे चढू लागले आहेत. त्यांचा काठ शेजाऱ्याच्या अंगणावर गेला की १८८२ चा कायदा पुन्हा उघडावा लागतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा हजारो घरांची छपरं उडाली. ज्यांना पुन्हा कौलं घालायची होती त्यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि जुन्या कौलांवर ज्यांचे छाप होते त्यातले कितीतरी कारखाने केव्हाच बंद पडले होते. मग पडक्या घरांची कौलं शोधायची, नाहीतर सबंध छप्पर उतरवून पत्रा घालायचा. पुष्कळांनी पत्रा घातला.